घराणं शोधताना : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ताई, आमचं गाव उदगीर तालुक्यात. पणजोबांपर्यंत नावं माहितीयत, त्याच्या मागचं घरात कुणालाच सांगता येईना. तहसीलला गेलो तर १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) दाखवलं अन् म्हणाले याच्या मागं काही नाही. खरंच काही नसतं का?
— एक वाचक, उदगीर

असतं हो, फक्त तुम्ही विचारलं तिथं नसेल. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबादला आले आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला. म्हणजे तुमच्या पणजोबांचा जिल्हा बीदर, आणि तुम्ही कागद शोधताय लातूरला. जालनावाल्यांचं तसंच, १९८१ च्या आधीचं औरंगाबादला किंवा परभणीला बघायचं, हिंगोलीवाल्यांनी १९९९ च्या आधीचं परभणीला. आणखी एक, गाव दिवाणीत म्हणजे थेट सरकारकडं होतं, जागिरीत म्हणजे जागीरदाराकडं होतं की सर्फेखासात म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीत, हे जाणत्या माणसाला विचारा, कारण जागिरी १९४९ ला गेल्या, तोवर जागीरदाराचं दफ्तर वेगळं असायचं. मग लेखी अर्ज करा, गाव आणि साल घालून, तोंडी विचारलं की नाही म्हणणं सोपं जातं.

आडनावावरून शोधू नका. त्या काळच्या कागदात आडनाव बहुतेक नसतंच, अमुक वल्द तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच, आणि मोडी कागदात वल्दच्या जागी बिन. देशमुख, पाटील, कुलकर्णी ही तर वतनाची नावं, मूळ कुळ वेगळंच असतं, आणि कित्येकांना गावाच्या नावाचं आडनाव शाळेत नाव घालताना लागलं. तुम्ही सर्व्हे नंबर धरा. आजच्या सातबाऱ्यापासून एकेक फेरफार मागं मागं काढत जा, त्यातही वारसाचे फेरफार नीट वाचा, कोण वारलं, मागं कोण कोण राहिलं हे तिथं लिहिलेलं असतं, आणि नशीब असेल तर लेकींची नावंसुद्धा मिळतात जी घरात कुणी सांगत नाही.

साल फसली म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं असतं, इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे. फसली १३४४ म्हणजे १९३४-३५. बहमन, खुरदाद, मेहर असे महिने दिसले की समजायचं हे हैदराबादचं फसली, तिथं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१ मिळवा.

आणि वाचून घेताना एक जपा. उर्दूतलं घाईचं लिखाण असलं की लिहिणारा नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके देत नाही, आणि नुक्ते काढले तर बाबा आणि नाना हे दोन शब्द हुबेहूब सारखे दिसतात, दोन्हीकडं तोच दात तोच अलिफ. आपल्याकडं तर दर घरात एक बाबा अन् एक नाना. म्हणून वाचणाऱ्याला आधी तुमच्याकडची नावं सांगू नका, त्याला जे दिसतं ते लिहून घ्या, मग बाजूच्या सालाच्या कागदाशी ताडून बघा. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना असले बरेच उर्दू-मोडी कागद स्कॅन झालेत, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर सापडतात, दाखला काढायचा नसला तरी तुमच्या गावाचं पान उघडून बघाच.

ताई नमस्कार. बहीण अमेरिकेत असते, तिनं डीएनए टेस्ट केली. त्यात एक मॅच आली २३० सेंटीमॉर्गनची, साइट म्हणते सेकंड कझिन. तो माणूस तेलुगू बोलणारा, आडनाव वेगळं, म्हणतो आमचं मूळ मुधोळ तालुक्यातलं. आमचं तर तेलंगणात कुणीच नाही! साइट चुकली का?
— एक वाचक, नांदेड

मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता! भैंसा, कुबेर हे सर्कल पण. भाषेवर प्रांत झाले तेव्हा ते आंध्रात गेले, आज तेलंगणात आहेत, पण माणसं तीच आणि सोयरिकी तर आजही चालू आहेत. तेव्हा तेलंगणात कुणी नाही असं म्हणण्याआधी आजीच्या माहेरची, पणजीच्या माहेरची गावं लिहून काढा. आपण वंशावळ म्हटलं की बापाचीच ओळ लिहितो आणि डीएनए तर चारही आजी-आजोबांकडून येतो, त्यामुळं अनोळखी आडनावाची मॅच पुष्कळदा एखाद्या आजीकडची निघते.

आता आकड्याचं. सेंटीमॉर्गन म्हणजे दोघांचा डीएनए किती सामाईक आहे ते मोजायचं माप. सेकंड कझिन म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एक, त्यांच्यात सरासरी २२९ सेंटीमॉर्गन सामाईक निघतात, म्हणून साइटनं तसं सांगितलं. पण ही गणितं ज्या लोकांवरून बसवली त्यांच्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत नाही. आपल्याकडं ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यामुळं एकच जोडपं तुमच्या झाडात दोन-दोन बाजूंनी येतं आणि आकडा फुगतो. थर्ड कझिनचं सरासरी ७३ च्या आसपास, ते नातं दोन बाजूंनी असलं की दीडशेला जाऊन पोचतं, त्यात जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांचं बारीकसारीक मिसळलं की २३० व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नुसती बेरीज बघू नका, तुकडे बघा. बहिणीला म्हणावं सगळ्यात लांब तुकडा किती सेंटीमॉर्गनचा आहे ते काढ. चाळीस-पन्नासचे दोन-तीन तुकडे असतील तर नातं जवळचं, आणि सात-आठ-दहाचे पुष्कळ बारके तुकडे असतील तर ते जुनं, अनेक वाटांनी आलेलं. साइट तुकडे दाखवत नसेल तर डेटा उतरवून घेऊन जेडमॅच या डीएनए ताडून बघायच्या साइटवर टाकता येतो, पण टाकायच्या आधी बहिणीनं नीट विचार करावा, २०२३ ला ट्वेंटीथ्रीअँडमीमधून लाखो लोकांची माहिती बाहेर गेली होती आणि २०२५ ला ती कंपनीच दिवाळखोरीत गेली, आपला डीएनए काही पासवर्डसारखा बदलता येत नाही.

त्या माणसाला फोन लावा. कोणत्या साली कोण मुधोळहून आलं हे विचारू नका, लोक गोंधळतात. कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, लग्नात कुळाचार काय, आजीचं माहेर कुठलं हे विचारा. यावर म्हातारी माणसं तासभर बोलतील, आणि त्या बोलण्यातच तुमच्या घरातलं एखादं नाव निघेल.

ताई, हे कुणाला विचारू कळेना म्हणून तुम्हाला लिहितेय. मी आणि माझ्या काकांनी दोघांनी टेस्ट केली. काका-पुतणीचं जितकं यायला पाहिजे त्याच्या निम्मंच आलंय, ८८० सेंटीमॉर्गन. बाबा आता नाहीत. वंशावळीत दोघांची नावं एकाच बापाच्या खाली आहेत. काकांना अजून आकड्याचा अर्थ माहीत नाही.
— एक भगिनी, बीड

सख्ख्या काका-पुतणीत सरासरी १७४० च्या आसपास येतं आणि १२०० च्या खाली सहसा उतरत नाही. ८८० म्हणजे बहुतेक काका आणि तुमचे बाबा सावत्र भाऊ आहेत, आई तरी एक किंवा बाप तरी एक. यापेक्षा जास्त हा आकडा काही सांगत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा, नाहीतर रात्र-रात्र जागून माणूस नको ते रचत बसतो.

आपल्या मुलखात पाट लावायची रीत पुष्कळ समाजांत होती, मोहतूर म्हणायचे. कमी वयात नवरा गेला की बाई पाटानं दुसऱ्या घरी जायची, कधी कडेवर लेकरू घेऊन जायची आणि ते लेकरू त्याच घरात, त्याच बापाच्या नावानं मोठं व्हायचं. किंवा पहिली बाळंतपणात गेली आणि दुसरी आली, तिनं दोन्ही लेकरांना एकसारखं वाढवलं. दत्तकाचंही तसंच, लेकीचा मुलगा मांडीवर घेतला की कागदावर तो आज्याचाच मुलगा. सातबाऱ्यावरचं नाव हक्काचं असतं आणि तो हक्क कुणीतरी पूर्ण जाणतेपणानं, सगळ्या भावकीसमोर दिलेला असतो. तुमच्या आजोबांनी दोघांना आपलं म्हटलं, ते खोटं नव्हतं.

काकांना सांगायचं का? टेस्ट त्यांनी पण केलीय, त्यामुळं त्यांना कळायचा हक्क आहे, पण आकडा फोनवर पाठवू नका आणि भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको. घरी जा, आधी आजीबद्दल विचारा, आजोबांबद्दल विचारा. माझा अनुभव असा की पुष्कळदा त्यांना अगोदरच ठाऊक असतं, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं. ठाऊक नसेल आणि ते स्वतःहून पुढं विचारतील तेव्हा सांगा, नाही विचारलं तर थांबा. जमिनीचा वाद चालू असेल तर मात्र हे सगळं वकिलाला दाखवल्याशिवाय कुणाशीच बोलू नका.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. दोन चुलत आजोबांची पण १ जूनच. खरी तारीख कुठं मिळेल?
— एक वाचक, गंगाखेड

गुरुजींनी घातलेली तारीख ती, निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस १ जूनलाच असतो. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक मागा, जन्म-मृत्यूची नोंद त्यात असते, पण बाळाचं नाव पुष्कळदा नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच, म्हणून तिन्ही भावांच्या नोंदी एकदमच काढा आणि थोरला-धाकटा असा क्रम लावा. घरातलं कुणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला विधीला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांची वही पण बघून या, गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते सांगतात. जुनी पानं मोडीत असतात, फोटो काढायच्या आधी त्यांना विचारा, आणि येताना आज हयात असलेल्या सगळ्यांची नावं, लेकी-सुनांसकट, वहीत लिहून या.