दाखले मोजावेत, पण कशासाठी दिले ते पाहून

प्रश्न : मी परभणीत राहून एलएल.एम. करते. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय स्वतःच्या जुन्या निवाड्यांचे दाखले कसे देतं, यावर प्रबंध करायचा आहे. मार्गदर्शक सर म्हणतात, न्यायालयाच्या संविधीतील अनुच्छेद ५९ प्रमाणे निवाडा त्याच पक्षकारांवर आणि त्याच प्रकरणापुरता बंधनकारक असतो. मग मोजून काय हाती लागणार?

उत्तर : अनुच्छेद ५९ आहे म्हणूनच मोजायला हवं. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा औरंगाबाद खंडपीठाला पाळावाच लागतो. हेगला अशी सक्ती नाही, तरी तिथे दाखले पानोपानी सापडतात.

सुरुवात कुलभूषण जाधव प्रकरणातील १७ जुलै २०१९ च्या निवाड्यापासून, हाताने करा. शिक्षेच्या परिणामकारक फेरविचाराचा उपाय ठरवताना न्यायालयाने अवेना (२००४) निवाड्याचा आधार घेतला. ते प्रकरण मेक्सिको आणि अमेरिकेचं. भारत-पाकिस्तानचा त्याच्याशी संबंध नव्हता. तुमच्या सरांच्या शंकेला हेच उत्तर दाखवा. त्याच निवाड्यात १८ मे २०१७ च्या अंतरिम आदेशाचाही उल्लेख येतो, पण तो याच प्रकरणाचा मागचा टप्पा आहे. तो पूर्वनिर्णय म्हणून मोजू नका.

एक्सेलमध्ये प्रत्येक दाखल्याला एक ओळ द्या. दाखला देणारा परिच्छेद, मूळ निवाड्याचा परिच्छेद, बोलतंय कोण (न्यायालय की पक्षकार), आणि दाखल्याचं काम : अनुसरला, वेगळा ठरवला (म्हणजे इथे लागू होत नाही असं म्हटलं) की नुसता उल्लेख. ‘कोण’ हा रकाना गाळला तर वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाच्या खाती जमा होतो. या चुकीने आकडे फुगतात. न्यायाधीशांची स्वतंत्र मतंही निवाड्यापासून वेगळी ठेवा. समोरासमोर इंग्रजी-फ्रेंच पानं असलेली पीडीएफ सॉफ्टवेअरला दिलीत तर एकच दाखला दोनदा मोजला जाईल. आधी एकच भाषा वेगळी काढा.

अधिकारक्षेत्र आणि अंतरिम उपायांचे ठरावीक परिच्छेद जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून विषयाचाही रकाना हवा. कॉर्फू चॅनेल (१९४९) आणि अवेना यांची थेट तुलना नको. जुन्याला उद्धृत होण्याची संधीच जास्त मिळाली. एकूण दाखल्यांना त्यानंतरच्या निवाड्यांच्या संख्येने भागा.

शेवटी दहा टक्के ओळी दुसऱ्या अभ्यासकाकडून, तुमची नोंद न दाखवता, वर्गीकृत करून घ्या आणि कोहेनचा कप्पा (Cohen's kappa : योगायोग वजा करून दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा आकडा) काढा. नुसती टक्केवारी योगायोगाने जुळलेल्या नोंदीही धरते. ‘अनुसरला’ आणि ‘उल्लेख’ यांतच मतभेद जास्त निघाले, तर व्याख्या नव्याने लिहून सगळ्या ओळी पुन्हा तपासाव्या लागतील. तेवढा वेळ वेळापत्रकात आधीच राखून ठेवा.