"मॅडम, ही तर कॅन्सरची गोळी!"

कळव्याहून ती एकटीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ठाणे शहरातल्या माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर तिने, मूल व्हावं म्हणून डॉक्टरांनी दिलेली लेट्रोझोलची स्ट्रिप ठेवली. पाचपैकी दोन गोळ्या घेऊन थांबली होती. "मेडिकलवाला म्हणाला, ही ब्रेस्ट कॅन्सरची आहे. मला काय झालंय, खरं सांगा."

पंचाईत अशी, की तो खोटं बोलला नव्हता. स्तनाच्या कॅन्सरवर लेट्रोझोल देतातच, रोज एक, बरेचदा पाच वर्षं. ती शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनू देत नाही. मूल हवं असलेल्या बाईला ती पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस देतात: इस्ट्रोजेन उतरलं की मेंदू एफएसएच हे अंडं वाढवणारं संप्रेरक वाढवतो आणि अंडं वाढीला लागतं. भारतात या वापरावर २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली.

"पण अशा औषधांनीच पुढे कॅन्सर होतो ना?"

मग मी आकड्यांत शिरले. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात क्लोमिफेन हे अंडं वाढवणारं दुसरं औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतलेल्यांत अंडाशयाच्या गाठी जास्त दिसल्या. भीती तिथून पसरली. पण २००९ साली डेन्मार्कमध्ये ५४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अंडाशयाच्या कॅन्सरशी तसा ठोस संबंध सापडला नाही. शिवाय मूल न झालेल्या स्त्रियांत हा धोका मुळातच थोडा जास्त असतो, त्यामुळे दोष औषधाच्या माथी सहज जातो.

ती पंख्याकडे बघत होती. माझी ही जुनी खोड. समोरचा घाबरलेला असला की मी मास्तरीण होते.

गप्प बसले, तेव्हा ती बोलली. "मावशी बेचाळिसाव्या वर्षी ब्रेस्टने गेली. आजी पोटाच्या कॅन्सरने."

"पोटाच्या म्हणजे?"

"बायकांचा असतो तो. ओटीपोटात पाणी झालं होतं."

म्हणजे बहुधा अंडाशय. आईकडच्या दोघी, त्यातली एक इतक्या कमी वयात. गोळी राहू दे बाजूला, विचारायला हवं होतं ते हे. बीआरसीए जनुकांतल्या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो; तो दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि त्याची तपासणी रक्तातून होते. मात्र आधी जेनेटिक समुपदेशन हवं, आणि शक्य तर तपासणीची सुरुवात कॅन्सर झालेल्या नातेवाइकापासून. इथे त्या दोघीही नव्हत्या. उरली आई.

गोळ्या चालू-बंद करणं माझं काम नाही. तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

पुढच्या वेळी आई सोबत होती. बसल्या बसल्या तिने पिशवीतून बहिणीचे पिवळे पडलेले रिपोर्ट काढले. "इतकी वर्षं कपाटात होते," म्हणाली, "कुणी मागितलेच नाहीत."