दिवाळीचं तिकीट काढताना तारीख गाडीची धरा

पुण्या-मुंबईहून दिवाळीला मराठवाड्यात येणाऱ्यांच्या तिकिटांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : लेक पुण्याला शिकते. मागच्या दिवाळीला बरोबर साठ दिवस मोजून सकाळी आठला बसलो, तर लातूरची गाडी आधीच वेटिंगला गेलेली. तिकिटं आधीच वाटली होती का? (एक पालक, लातूर)

उत्तर : वाटली नव्हती, तुमचा एक दिवस चुकला. ही चूक आपल्याकडे घरोघरी होते, म्हणून सविस्तर सांगतो.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. पण हे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही जिथं बसता तिथल्या नाही. मुंबई–लातूर गाडी सीएसएमटीहून रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि पुण्याला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे लेक पुण्यात बसते ती तारीख गाडीच्या तारखेच्या एक दिवस पुढची.

२०२६ ची दिवाळी घ्या. धनत्रयोदशी शुक्रवारी, ६ नोव्हेंबरला आहे. ६ तारीख लागल्यावर मध्यरात्रीनंतर पुण्यात गाडीत बसायचं असेल, तर गाडी मुंबईहून ५ तारखेला सुटलेली असेल. ५ नोव्हेंबरपासून ६० दिवस मागं मोजले की ६ सप्टेंबर, रविवार येतो. तुमच्या पद्धतीनं ७ सप्टेंबरला बसलात, तर वेटिंगच दिसणार. मात्र पुणे–लातूर शोधताना तारीख ६ नोव्हेंबरच टाकायची, कारण तिथं बसण्याची तारीख लागते. काही दिवशी ही गाडी बिदरपर्यंत जाते आणि यादीत बिदरची म्हणून दिसते. ती पाहून गोंधळू नका, लातूर तिच्या वाटेवरच आहे.

नाशिक रोडहून परभणी-नांदेडला देवगिरीनं येणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू. तीही मुंबईहून रात्री सुटते आणि नाशिकला मध्यरात्रीनंतर येते.

लातूरहून परतताना ही अडचण नाही. भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. त्याच रात्री निघायचं असेल तर आरक्षण १२ सप्टेंबरला उघडेल. गणपती १४ सप्टेंबरला बसतात, म्हणजे जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटं त्याआधीच काढायची आहेत. दिवाळी जवळ आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

प्रश्न : आठच्या ठोक्याला बसूनही तिकीट निघंना. नावं भरेपर्यंत जागा संपतात. एकदा तर पैसे कापले आणि तिकीट आलंच नाही. (एक वाचक, परभणी)

उत्तर : आठनंतर टाइप करण्यासारखं काहीच उरू देऊ नका. आयआरसीटीसी या रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांच्या साइटवर आदल्या दिवशीच आपल्या आयडीत प्रवाशांची ‘मास्टर लिस्ट’ भरून ठेवा : नाव, वय, बर्थची पसंती. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, तत्काळला चार. आठजणांचं घर असेल तर दोन तिकिटं काढावी लागतील हे धरूनच चाला.

लॉगिन ७:५५ च्या सुमारास करा. सातपासून करून ठेवलंत तर ऐनवेळी सेशन संपतं. एकच आयडी मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं उघडू नका, एक बंद पडतो. दोघांनी प्रयत्न करायचा तर दोन आयडी हवेत.

आयडी आधारशी जोडून पडताळलेला हवाच. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडताच पहिली १५ मिनिटं ऑनलाइन बुकिंग अशाच आयडीला मिळू लागलं आणि पुढं ही वेळ आणखी वाढवली. ‘माय अकाउंट’मध्ये ‘ऑथेंटिकेट युजर’ आहे, तिथं हे होतं. प्रोफाइलमधलं नाव आणि जन्मतारीख आधारवरच्यासारखी नसेल तर पडताळणी अडते. हे आठवडाभर आधीच उरका.

पैसे भरताना वेळ जातो तो बँक आणि यूपीआयच्या फेऱ्यांत. आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये आधीच रक्कम ठेवली तर ती फेरी वाचते. पैसे कापूनही तिकीट दिसत नसेल, तर लगेच दुसरं काढू नका. आधी ‘बुक्ड तिकीट हिस्ट्री’ पाहा, कधी तिकीट निघालेलं असतं आणि फक्त पान अडकलेलं असतं. तिकीट निघालं नसेल तर पैसे खात्यात परत येतात.

प्रश्न : पुणे–लातूरला ‘पीक्यूडब्ल्यूएल’ २० दाखवतंय. होईल का कन्फर्म? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : भरवसा धरू नका. मधल्या स्टेशनांना जागांचा वेगळा, छोटा कोटा असतो, ‘पीक्यूडब्ल्यूएल’ ही त्याची वेटिंग यादी. त्यात रद्द होणारी तिकिटं थोडी, म्हणून यादी हळू सरकते. ‘जीएनडब्ल्यूएल’ ही मुख्य कोट्याची यादी, ती जास्त सरकते. म्हणून आरक्षण उघडतं त्याच सकाळी सीएसएमटी–लातूर अशीही जागा तपासा. बुकिंग करतानाच ‘बोर्डिंग स्टेशन’ पुणे निवडायचं. भाडं मुंबईपासूनचं लागेल, पण सणाला ते परवडतं असं आमचं मत आहे. इथं मात्र तारीख मुंबईची टाकायची, म्हणजे एक दिवस आधीची. बोर्डिंग बदललं नाही आणि मुंबईला कुणी बसलं नाही, तर तुमची जागा दुसऱ्याला जाऊ शकते.

आणि ऑनलाइन तिकिटावरची सगळी नावं चार्ट लागल्यावरही वेटिंगला राहिली, तर तिकीट आपोआप रद्द होतं. ते घेऊन डब्यात चढू नये.

प्रश्न : तत्काळला ओटीपी येतच नाही. (एक वाचक, जालना)

उत्तर : तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. पोरगं पुण्यात आणि ते सिम गावाकडं वडिलांच्या फोनमध्ये, असं बऱ्याच घरांत असतं. तो फोन हातात असलेल्यानंच तिकीट काढावं. एसीचं तत्काळ १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, एक दिवस आधी. इथंही तारीख गाडीचीच : ६ तारीख लागल्यावर मध्यरात्रीनंतर पुण्यात बसायचं तर तत्काळ ४ तारखेला उघडतं. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे, तो वेळ तुमचा. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत.

प्रश्न : औरंगाबाद स्टेशन शोधलं तर सापडंना.

उत्तर : ऑक्टोबर २०२५ पासून नाव छत्रपती संभाजीनगर, कोड सीपीएसएन.

प्रश्न : गावातला मोबाइलवाला तिकिटामागं तीनशे जास्त घेऊन स्वतःच्या आयडीवरून काढून देतो. चालतं का?

उत्तर : नाही. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारवाई झाली तर तिकीटही बाद होऊ शकतं, आणि तुम्हाला ते कळेल ऐन निघायच्या दिवशी. शेजारच्या शिकलेल्या पोराला बसवून स्वतःच्या आयडीवरून काढा.

प्रश्न : रेल्वे मिळाली नाही. ट्रॅव्हल्सवाले दिवाळीला तिप्पट मागतात. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आधी एसटीचं आरक्षण पाहा. खासगी बसला, त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य शासनाचा एप्रिल २०१८ चा निर्णय आहे. जास्त घेतलं तर तिकिटाचा किंवा पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, बसचा नंबर, मार्ग आणि तारीख घेऊन आरटीओकडं लेखी तक्रार द्या. तिकीट न देता रोख पैसे मागणाऱ्याच्या बसमध्ये बसू नका, नंतर दाखवायला हातात काहीच राहत नाही.