लाईट गेली, बिल दुसऱ्याचं भरलं, आणि मुलीला आवडलेला मुलगा पण कुलकर्णीच

यावेळी पत्रं आली त्यातली अर्धी लाईटची आणि अर्धी आडनावांची. एकात तर दोन्ही एकत्रच होतं, म्हणून तेच आधी घेतलंय.

प्रश्न: काकू, आमच्या वाड्यात वर आम्ही पाटील आणि खाली राहतात ते पण पाटीलच. नात्यातले नाहीत, पण दोघांची मीटरं अजून आजोबांच्या नावावर आणि दोन्ही नावं "ब" वरून. ह्यांनी मोबाईलवरून बिल भरलं ते खालच्यांच्या खात्यात गेलं, आणि पुढच्या महिन्यात माणूस आमची लाईन तोडायला दारात. खालचे म्हणतात आम्ही सांगितलं होतं का भरायला? आता काय करू?
— एक गृहिणी, कराड

उत्तर: आधी एक काम करा, बिलावरचा तो बारा आकडी ग्राहक क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा. नाव बघून बिल भरायचंच नाही, त्यातून कराडसारख्या ठिकाणी पाटील हे नाव बघून तर नाहीच नाही. पैसे कुठे गेलेले नाहीयेत. ते खालच्यांच्या खात्यात जमा आहेत, त्यांचं पुढचं बिल कमी येईल नाहीतर मायनसमध्ये येईल, म्हणजे जे पैसे त्यांना तेव्हा भरायचे होते तेच त्यांनी तुम्हाला दिले की विषय मिटला. हे त्यांना चहाला बोलवून, दोन्ही बिलं समोर ठेवून समजावा, जिन्यात भांडून नको. तरी ऐकलं नाही तर पावती आणि दोन्ही बिलांच्या झेरॉक्स लावून ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, तोंडी सांगितलेलं तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही.

लाईन तोडण्याचं म्हणाल तर वीज कायदा 2003 चं कलम 56 आहे, थकबाकी असली तरी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. पण हल्ली नोटीस मोबाईलवर पण येते, आणि मीटरला कुठल्यातरी चुलत्यांचा बंद पडलेला नंबर जोडलेला असतो, त्यामुळे आपल्याला काही कळतच नाही. तो नंबर बदला, आणि मीटर पण तुमच्या नावावर करून घ्या. त्यासाठी मृत्यू दाखला लागेल, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल, म्हणजे भाऊबंदांच्या सह्या आल्या, दिवाळीला सगळे जमतील तेव्हाच उरकून टाका. आजोबांच्या नावाची जुनी बिलं मात्र रद्दीत देऊ नका, त्या पत्त्यावर ते राहत होते याचा तो एक कागद आहे आणि असा कागद कधी लागेल सांगता येत नाही.

प्रश्न: लाईट गेली की आमचे हे जागचे हलत नाहीत, सोसायटीच्या ग्रुपवर "लाईट गेली का?" टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. परवा दीड तास बसलो, शेवटी कळलं फक्त आमचीच गेली होती.
— वैतागलेली, पुणे

उत्तर: हसू आलं हो, पण घरोघरी हेच आहे. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघायला काही चार्जिंग लागत नाही! शेजारी लाईट आहे आणि आपल्याकडे नाही म्हणजे बहुतेक मीटरपाशी नाहीतर घरातल्या बोर्डात काहीतरी पडलंय. बोर्डात टेस्टचं छोटं बटण असलेला जो स्विच असतो तो खाली पडला असेल तर कुठेतरी करंट लीक होतोय असं समजायचं. तेव्हा तो नुसता जोर लावून वर करत बसू नका. घरातली सगळी बटणं बंद, प्लग काढलेले, मग तो वर करा, आणि मग एकेक वस्तू लावत जा. गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन यातलं जे लावल्यावर परत पडेल ते चोर. काहीच न लावता पडत असेल तर वायरिंगमध्ये ओल गेलीये, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरच्या बोर्डाला हे होतंच, मग वायरमनच बोलवा. आणि सगळ्या गल्लीची गेली असेल तर 1912 ला फोन. "कोणीतरी केला असेल" असं पन्नास घरं म्हणत बसतात. तुमच्याकडे पुण्यात गुरुवार असेल तर आधी मेंटेनन्सचा मेसेज आलाय का तेवढं बघा.

प्रश्न: मुलीने तिच्या ऑफिसमधला मुलगा पसंत केलाय. चांगला आहे, आम्हाला पण आवडला, पण आडनाव कुलकर्णी आणि आम्ही पण कुलकर्णी! वर गोत्र पण काश्यप निघालं, दोघांचं एकच. सासूबाईंनी तेव्हापासून जेवण कमी केलंय, म्हणतात भावाबहिणीचं लग्न लावताय. खरंच आम्ही एकाच घराण्यातले असू का आणि ते शोधायचं कसं?
— एक आई, सांगली

उत्तर: सासूबाईंना आधी पोटभर वाढा आणि मग हे वाचून दाखवा. कुलकर्णी हे मुळात घराण्याचं नावच नव्हे, ते काम. पाटील गावचा मुख्य आणि कुलकर्णी लिहिणारा, म्हणजे वसुलीचा, जमिनीचा सगळा हिशोब त्याच्याकडे. गावोगाव कुलकर्णी होता, एका गावच्या कुलकर्ण्याचा दुसऱ्या गावच्याशी काही संबंध असेलच असं अजिबात नाही. देशस्थांत कुलकर्णी आहेत, कऱ्हाड्यांत आहेत, सीकेपींत आहेत. 1 मे 1951 पासून कायद्याने वतनं गेली, कामही तलाठ्याकडे गेलं, आडनाव तेवढं राहिलं. पुष्कळ कुलकर्ण्यांना तर आधीचं दुसरं उपनाव पण असतं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तरच बाहेर येतं.

त्यामुळे आडनाव सोडा आणि मुलाकडच्यांना दोनच गोष्टी विचारा, मूळ गाव कुठलं आणि कुलदैवत कोणतं. गावं वेगळी, कुलदैवत वेगळं, म्हणजे घराणं एक असायची शक्यता फारच कमी. गोत्राचं म्हणाल तर काश्यप इतक्या घरांत आहे की त्यावरून नातं काढायला गेलं तर निम्मी सांगली तुमची चुलत निघेल. शिवाय सगोत्र लग्नाला कायद्याने 1946 सालीच मोकळीक दिली, याला आता किती वर्षं झाली. कायदा बघतो ते सपिंड नातं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वडिलांच्या बाजूने पाच पिढ्या आणि आईच्या बाजूने तीन, मुलगी किंवा मुलगा स्वतः पहिली पिढी धरून. दोन्हीकडून मोजत वर जाताना एवढ्यात एकच पूर्वज लागला तर प्रश्न, आणि तिथे पण रूढी असेल तर चालतं. म्हणजे तुम्हाला पणजोबांच्या वडिलांपर्यंत पोचायचंय फक्त, शिवकाळापर्यंत नाही.

आता शोधायचं कसं. पहिला फोन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला, काकांना नाही. काका सांगतात जमीन कुणाला गेली ते, आणि आत्या सांगते कोण कुणाच्या घरात दिली ते, आणि तुम्हाला तेच पाहिजे. छापील कुलवृत्तांत असेल तर बघा, पण जुन्या वृत्तांतांत मुली बऱ्याचदा नुसत्या "कन्या" म्हणून संपवलेल्या असतात आणि बायकांचं माहेर गायब, त्यामुळे आईकडच्या तीन पिढ्या त्यात सापडतीलच असं नाही. मग कागद. गावच्या शाळेचं जुनं प्रवेश रजिस्टर, आणि तहसील ऑफिसच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा असलेच दप्तरांचे गठ्ठे बाहेर निघाले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तुमच्या गावचे जुने कागद पण मोडीतच असणार, पुढच्या पिढीत एकाला तरी शिकायला लावा.

नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्या हा अजून एक खजिना. आपला कोणी पूर्वज अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला गेला असेल तर गाव, आडनाव, बरोबर कोण होतं, मुलगे किती असं सगळं लिहून खाली सही घेतलेली असते. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते तिथेच कोणीतरी सांगतं. सासूबाईंनाच घेऊन जा की, गोदेत स्नान पण होईल त्यांचं. आणि दोन्ही घरांच्या वह्यांत वेगवेगळी गावं निघाली तर परत येतानाच पेढे घ्या.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी इन्व्हर्टरला दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घेतली, दुकानदार म्हणाला सहा तास चालेल, आता पाऊण तासात टूं टूं करून बंद. बॅटरी बदलायची का?
— एक काका, रत्नागिरी

उत्तर: काका, हिशोब करून बघा. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-तास, त्यातलं इन्व्हर्टरमध्ये वाया जातं ते सोडून 1400 च्या आसपास हातात येतं. जुने दोन पंखे 75 चे, चार एलईडी आणि वायफाय, सगळं मिळून दोनशे वॉट. म्हणजे नव्या बॅटरीवर सात तास निघायला पाहिजेत, दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण तिच्यावर फ्रीज टाकलाय का कोणी? असेल तर काढा, फ्रीज न उघडता तसाच ठेवला तर चारेक तास गार राहतो. मग पाणी बघा, बॅटरीच्या टोपणांवरचे दांडे खाली बसले असतील तर ती कोरडी पडलीये. डिस्टिल्डच घाला, आरओचं किंवा एसीचं गळणारं पाणी नको, आणि ॲसिड तर मुळीच नाही. टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी दिसली तर इन्व्हर्टर बंद करून कोमट पाण्याने पुसा आणि वर व्हॅसलीन लावा. एवढं करून रात्रभर चार्ज करून पण तासभरच चालली तर ती गेली, जुनी देऊन नवी घ्या, आणि जमलं तर पंखे बीएलडीसी करा, तीसेक वॉटमध्ये फिरतात.

तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की बॅटरी देवघराच्या खालच्या कपाटात आहे, त्याने मला जास्त काळजी वाटली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि वर तुमचं निरंजन. बॅटरी बदला नाहीतर बदलू नका, ती आजच्या आज तिथून काढून हवेशीर ठिकाणी ठेवा.