लग्नाचे सोंग आणि हरवलेली मुलगी : 'मिस्सियम्मा' (१९५५) पाहावा का?

लग्न आणि ओळखीची गफलत या विषयावरचा एखादा जुना तमिळ कौटुंबिक चित्रपट पाहायचा झाल्यास 'मिस्सियम्मा' निवडावा का, आणि तमिळ न येणाऱ्या मराठी प्रेक्षकाला त्यात योगायोगांच्या विनोदाखेरीज काही मिळेल का, असे आपण विचारले आहे. अवश्य निवडावा, असे मी सांगेन. मी चेन्नईत सात वर्षे शाळेत शिकवत होते. तमिळ तिथेच, मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकत शिकले, आणि या चित्रपटाची ओळखही मला शेजारच्या एका आजींनी करून दिली. तेव्हापासून तो मी अनेकदा पाहिला आहे. त्याच्या शेवटाविषयी माझी एक तक्रार आहे, तीही पुढे सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही.

कथा थोडक्यात अशी आहे. गोपाल नावाच्या जमीनदाराची थोरली मुलगी महालक्ष्मी लहानपणीच हरवली आहे आणि तिच्या नावाने त्याने गावात शाळा काढली आहे. या शाळेसाठी त्याला पदवीधर शिक्षक हवे आहेत, पण त्याची अट अशी की शिक्षक आणि शिक्षिका नवरा-बायकोच असावेत. बालू हा बेकार पदवीधर आहे, तर मेरी या ख्रिस्ती तरुणीच्या वडिलांवर डेव्हिड नावाच्या माणसाचे कर्ज आहे आणि त्या कर्जाच्या जोरावर तो तिच्याशी लग्न करू पाहतो आहे. दोघांनाही पगाराची निकड असल्यामुळे ती विवाहित हिंदू जोडपे असल्याची बतावणी करून गावात येतात. ज्या घरात त्यांना मुलासारखे आणि मुलीसारखे वागवले जाते, त्याच घराची हरवलेली मुलगी म्हणजे मेरी. आणि ही गोष्ट तिला स्वतःलाही ठाऊक नाही.

येथे गफलत दुहेरी आहे, हे लक्षात घेतले तर चित्रपटाची खरी बांधणी दिसू लागते. जगाला फसवण्यासाठी मेरीने जे घेतले आहे ते पत्नीचे सोंग तिचे तिला माहीत आहे. मात्र ज्या नावाने आणि ज्या धर्मात ती मनापासून जगते आहे, ती तिची जन्माची ओळख नाही, हे तिला माहीत नाही. त्यामुळे जमीनदारीणबाई तिला लेकीच्या मायेने जवळ घेतात तेव्हा मेरी अवघडून दूर होते, आणि आपण मात्र जाणतो की साऱ्या घरात एवढी एकच गोष्ट खोटी नाही. बाहेर चारचौघांत आदर्श दांपत्य आणि दार लावून घेतले की दोन भाडेकरूंसारखे भांडण, हा प्रकार विनोदासाठी आहे खरा. पण घर कोणाचे, वस्तू कोणी कोठे ठेवायच्या, कोणासमोर किती बोलायचे या त्यांच्या कुरबुरी इतक्या ओळखीच्या आहेत की लग्न झालेल्या प्रेक्षकाला त्यात सोंग शोधावे लागते. बालू धाकट्या मुलीला, म्हणजे सीतेला, गाणे शिकवू लागतो आणि मेरी अस्वस्थ होते. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही असे ती स्वतःला बजावत असते, त्याच्यावर ती रागावते, आणि रागावण्याचा हक्क आपल्याला कोठून मिळाला हे तिला उमगत नाही. लग्नाआधीच लग्नातली भांडणे होऊन जातात, प्रेम त्यांच्या मागून येते, आणि हा उलटा क्रम पटकथेने फार काळजीपूर्वक सांभाळला आहे.

हे सारे मेरीचे काम करणाऱ्या सावित्रीने पेलले आहे. या भूमिकेसाठी मूळ निवड तिची नव्हती. हा चित्रपट तेलुगूत 'मिस्सम्मा' आणि तमिळमध्ये 'मिस्सियम्मा' असा एकाच वेळी तयार होत होता. तेलुगूत मेरीच्या भूमिकेसाठी प्रथम अभिनेत्री भानुमती होत्या आणि सावित्रीकडे धाकट्या बहिणीची भूमिका होती. भानुमती आणि निर्माते चक्रपाणी यांचे बिनसले, भानुमतींसह झालेले चित्रण टाकून देण्यात आले, सावित्रीला मेरी मिळाली आणि सीतेसाठी जमुना आल्या. तमिळमध्ये ती बालू झालेल्या जेमिनी गणेशन यांच्यासमोर आहे. चिडणे, खाली मान घालणे आणि खुदकन हसू येऊ पाहताच ते दाबणे या तीन गोष्टी ती एकाच क्षणात करते, आणि भाषा न कळताही त्या कळतात. जमीनदाराचे काम करणारे एस. व्ही. रंगाराव तेव्हा चाळिशीच्याही आत होते, हे पाहताना अजिबात खरे वाटत नाही.

एस. राजेश्वरराव यांच्या संगीताबद्दल एकच गोष्ट मुद्दाम सांगते. ए. एम. राजा आणि पी. लीला यांनी गायिलेल्या 'वारायो वेण्णिलावे' या गाण्यात दोघेही चंद्राला बोलावून आपली कहाणी ऐकवतात, म्हणजे खरे तर एकमेकांची गाऱ्हाणी त्याच्याकडे मांडतात. बोलायचे असते समोरच्याशी, पण चंद्राला मधे घेतल्याखेरीज बोलता येत नाही. तेलुगू गाण्यात हीच हाक 'चंदामामा' अशी आहे. निर्माते नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे 'चंदामामा' मासिकाचेही संस्थापक होते आणि त्या मासिकाची मराठी आवृत्ती म्हणजेच आपला 'चांदोबा'. ज्यांनी लहानपणी विक्रम-वेताळाच्या गोष्टी त्यात वाचल्या, त्यांचे या मंडळींशी नाते आधीपासूनच जुळलेले आहे.

आता तक्रारीकडे वळते. घरातला भाचा राजू हौशी गुप्तहेर आहे आणि पायावरच्या खुणेचा माग काढत मेरी हीच महालक्ष्मी असल्याचे तो उघड करतो. के. ए. तंगवेलू यांनी हे काम अत्यंत गोड केले आहे, त्यामुळे तक्रार त्यांच्याविषयी नाही. हिंदू तरुण आणि ख्रिस्ती तरुणी एका छताखाली राहून एकमेकांच्या प्रेमात पडतात, ही गोष्ट दोन तासांहून अधिक काळ आपल्यासमोर विश्वासाने मांडल्यावर शेवटी मुलगी जन्माने हिंदूच निघते आणि प्रश्न सुटण्याऐवजी नाहीसा होतो. तमिळ आवृत्ती १४ जानेवारी १९५५ रोजी, पोंगलच्या सुमारास, प्रदर्शित झाली. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १ जानेवारी १९५५ रोजी, विशेष विवाह कायदा अमलात आला होता. १८७२ च्या जुन्या विशेष विवाह कायद्याखाली एकमेकांशी नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्या हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींना आपण आपापला धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. नव्या कायद्याने दोघांना आपापला धर्म ठेवून लग्न करण्याची मुभा दिली. बालू आणि मेरी यांना कायद्याने जे दिले होते, ते कथेने त्यांच्या पदरात टाकले नाही, ही माझी खंत आहे. तरीही मला न्याय्य वाटणारी एक गोष्ट नोंदवते: मेरीचा मत्सर, तिची ओढ आणि बालूची काळजी हे सर्व ती खूण सापडण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि मेरी मातेची प्रार्थना म्हणणारी मेरी चित्रपटात कोठेही हास्यास्पद केलेली नाही. तिची श्रद्धा तिची म्हणून आदराने दाखवली आहे, आणि त्या काळाचा विचार करता मी याला मोठे श्रेय देते.

कथेचे धागे बंगालीतले आहेत. रवींद्रनाथ मैत्र यांच्या 'मानमयी गर्ल्स स्कूल' या नाटकातून शाळा आणि खोटे जोडपे आले, तर चक्रपाणींनी शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या 'डिटेक्टिव्ह' या कथेचाही आधार घेतला. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांची सुरुवात मुंबईत झाली होती. १९३१ च्या 'आलम आरा'त त्यांनी छोटे काम केले होते. पुढे त्यांनीच १९५७ मध्ये हिंदीत 'मिस मेरी' केला, ज्यात मीनाकुमारी आणि किशोरकुमार आहेत आणि नायक पुन्हा जेमिनी गणेशनच. हेमंतकुमारांनी त्यात बहुतेक संगीत नवे दिले, पण 'वृंदावन का कृष्ण कन्हैया' या गाण्याची चाल दाक्षिणात्य आवृत्तीतलीच ठेवली.

तमिळ अजिबात येत नसेल तर आधी 'मिस मेरी' पाहावा, म्हणजे प्रसंगांचा क्रम मनात बसेल, आणि मग उपशीर्षके असोत वा नसोत, 'मिस्सियम्मा' पाहावा. शोधताना एवढी काळजी घ्यावी की एन. टी. रामाराव आणि नागेश्वरराव दिसले तर ती तेलुगू आवृत्ती आहे. सावित्री, जमुना आणि रंगाराव दोन्हींत असल्यामुळे चुकण्याचा संभव असतो. मीनाकुमारीनंतर लगेच सावित्रीला पाहताना चंद्राच्या गाण्यापाशी थोडे थांबावे. हिंदीत तिथे 'ओ रात के मुसाफिर' आहे आणि ते सुंदरच आहे, पण त्यातली मेरी मला दुखावलेली वाटते. तमिळमधली मेरी रुसलेली आहे, आणि रुसवा आपल्या माणसावरच धरला जातो.