जपानमधल्या ओमिवा मंदिरात गाभाराच नाही, मग लोक नमस्कार कशाला करतात?

डोंगराला. मी ओसाकात राहते आणि वर्षातून दोन-तीनदा तरी तिथे जाते, म्हणून लिहिते आहे.

नारा प्रांतातल्या साकुराईत, मिवा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर हे मंदिर आहे. समोर दिसतो तो फक्त पूजामंडप. आत्ताचा मंडप १६६४ साली चौथे शोगुन (जपानचे लष्करी शासक) तोकुगावा इएत्सुना यांनी बांधून घेतला. त्याच्या मागे तीन तोरी, म्हणजे देवळाच्या कमानी, एकमेकींना जोडून उभ्या आहेत आणि त्यांच्या पलीकडे थेट झाडी. ४६७ मीटर उंचीच्या मिवा डोंगरातच ओमोनोनुशी देवाचा वास मानतात, त्यामुळे वेगळा गाभारा बांधायची गरजच नाही.

या देवाचं रूप सापाचं. अंगणात देवदारासारखा एक जुना सुगी वृक्ष आहे. त्याच्या बुंध्यात साप राहतो म्हणून लोक समोर अंडी आणि साके, म्हणजे तांदळाचं मद्य, ठेवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा एक आजी पिशवीतून अंडी काढून अगदी जपून मांडत होत्या. ते पाहिलं आणि हे परक्यांचं देऊळ आहे असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. साके इथे असणं साहजिकच, कारण हा मद्य गाळणाऱ्यांचाही देव. साकेच्या भट्ट्यांच्या दारात सुगीच्या पानांचा मोठा गोळा टांगतात, ती प्रथा इथलीच.

डोंगर चढता येतो, पण सहल म्हणून नाही. शेजारच्या साई मंदिरात (हे जपानी नाव, साईबाबांशी संबंध नाही) सकाळी नाव नोंदवायचं, ३०० येन भरायचे, गळ्यात घंटी लावलेला पांढरा पट्टा घालायचा. वर फोटो काढायचा नाही, खायचं नाही, पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, दगड की पान काहीही उचलायचं नाही. काही जण अनवाणी चढतात. चढ दमवणारा आहे, जाऊन-येऊन दोन-तीन तास धरा. बोलणं आपोआप थांबतं, पुढच्या माणसाची घंटी तेवढी ऐकू येते.

वर काय पाहिलं ते इथे लिहीत नाही, डोंगरावरचं डोंगरावरच ठेवावं असं मला मनापासून वाटतं. खाली आलात की पट्टा परत करा आणि साई मंदिरातल्या औषधी विहिरीचं पाणी नक्की प्या. दमून आल्यावर ते फार गोड लागतं.