वाचकांचे प्रश्न : पणजीचं नाव यादीत का नाही?

प्रश्न : बेचाळीसच्या चळवळीत पणजीने भूमिगतांना भाकरी पोचवली, निरोप नेले, असं घरात सांगतात. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या यादीत तिचं नाव नाही. मुस्लिम बायकांचं असं काम शोधायचं कुठे? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : यादीत नाव नाही म्हणजे काम नाही, असं मुळीच समजू नका. १९७२ पासूनच्या केंद्रीय योजनेला तुरुंगवासाचा पुरावा लागे, पुरुषांना सहा महिन्यांचा. स्त्रियांना पुढे तीन महिन्यांची सवलत मिळाली. भूमिगत म्हणून अर्ज करायचा, तर वॉरंट किंवा जाहीर झालेलं बक्षीस दाखवायचं. रात्री चार भाकऱ्या जास्त थापणाऱ्या बाईवर वॉरंट कुठून निघणार?

तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज ही वेगळी संस्थानं. जिल्ह्याला 'सांगली' नाव मिळालं १९६० साली. म्हणून त्या काळचे पोलिसी कागद 'सातारा' म्हणूनच मागा.

आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव आणि साल लिहून कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. खरी मेख नावात आहे. घरी फातिमाबी, कागदावर 'फातमा', कुठे नुसतंच 'अमक्याची बायको'. शिवाय आज शेख लावणारं घर तेव्हा तांबोळी किंवा मुजावर म्हणून नोंदलेलं असू शकतं. तेव्हा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावानेही शोधा. मग भूमिगतांच्या घरी जा, ते कुणाकडे उतरत ते विचारा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख तिथेच लिहा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घरांत एकच गोष्ट सांगितली गेली, तर तो मोलाचा आधार.

प्रश्न : बी अम्मांनी बुरख्यातून भाषण केलं, हे खरं का? (एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : खरं आहे. बी अम्मा म्हणजे आबादी बानो बेगम, खिलाफत चळवळीचे (तुर्कस्तानच्या खलिफाच्या बाजूने ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीचे) नेते महंमद अली आणि शौकत अली या अली बंधूंच्या आई. १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनासाठी मुस्लिम लीगने महंमद अलींना अध्यक्ष निवडलं, पण ते नजरकैदेत. खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवला आणि आई बुरख्यातून बोलली. १९२१ च्या कराची खटल्यात दोन्ही मुलांना दोन-दोन वर्षं सक्तमजुरी झाली, तरी सत्तरीतली ही बाई खिलाफत फंडासाठी गावोगाव फिरत राहिली. १९२४ साली त्या वारल्या.

निबंध लिहिणार असाल तर मुंबईच्या कुलसुम सयानींनाही जरूर घ्या. पडद्यातल्या बायकांना शिकवायला त्या घरोघर गेल्या. १९४० पासून 'रहबर' हे नियतकालिक काढलं, ते उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिपींत. भाषा मात्र एकच, सोपी हिंदुस्थानी. नव्याने अक्षरओळख झालेल्या बाईला जी लिपी येते, तिच्यात ते वाचता येई.